अमीनाच्या सेवया आणि श्यामची आंघोळ

पंधरा ऑगस्ट जवळ आला की शाळाशाळांतून एक ठरलेला प्रवेश बसवला जातो. चार मुले स्टेजवर रांगेत उभी राहतात. एकाच्या कपाळी टिळा, दुसऱ्याच्या डोक्यावर जाळीची टोपी, तिसऱ्याला पगडी आणि चौथ्याच्या गळ्यात पुठ्ठ्याचा क्रूस. चौघे हातात हात घालून पुढे येतात, एक वाक्य बोलतात, टाळ्या पडतात, प्रवेश संपतो. आमच्या उर्दू शाळेतही तो होतो. फरक इतकाच की आमच्याकडे टोपीवाला मुलगा शोधावा लागत नाही, टिळ्याचा मुलगा शोधावा लागतो आणि तोही आमच्यातलाच एक असतो. दुसऱ्याची संस्कृती मुलांना शिकवण्याचे काम आपण कपड्यांवर सोपवून मोकळे झालो आहोत.

मूल्यशिक्षणाच्या दहा मूल्यांत 'सर्वधर्मसहिष्णुता' हे एक मूल्य आहे. बी.एड.ला असताना आम्ही त्यावर पाठ टाचण लिहिले, मार्कही चांगले पडले. पण शब्दाकडे थोडे निरखून पाहावे. सहिष्णुता म्हणजे सहन करण्याची वृत्ती. माणूस डोकेदुखी सहन करतो, उन्हाळा सहन करतो. शेजारी ही काय सहन करण्याची गोष्ट झाली? शेजाऱ्याला जाणून घ्यावे लागते आणि जाणून घेणे हे घोषणेचे नव्हे, वाचनाचे काम आहे. म्हणून या लेखात आम्ही उपदेश बाजूला ठेवून दोन पुस्तकी गोष्टींबद्दलच बोलणार आहोत. एक प्रेमचंदांची 'ईदगाह', दुसरी साने गुरुजींची 'श्यामची आई'. दोन्ही आमच्या आठवीच्या वर्गात शनिवारच्या वाचनाच्या तासाला गेली काही वर्षे वाचल्या जातात. त्या वाचताना वर्गात जे घडले, आणि आमच्या हातून जे बिघडले, तेही सांगणे भाग आहे.

या दोन लेखनांचा एक योग आमच्या ध्यानात उशिरा आला. दोन्ही १९३३ सालची. त्या वर्षी फेब्रुवारीत साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' अवघ्या काही दिवसांत लिहून काढली. पुस्तक १९३५ साली निघाले. त्याच १९३३ मध्ये प्रेमचंदांची 'ईदगाह' प्रसिद्ध झाली. दोघेही शिक्षक. प्रेमचंदांनी सरकारी शिक्षण खात्यातली नोकरी १९२१ साली सोडली, गुरुजींनी अमळनेरची शाळा १९३० साली. दोघांनीही गरीब घरातला एक पोरगा घेतला आणि एक बाई घेतली. तिकडे दादी, इकडे आई. आणि दोघांच्याही गोष्टीत उंबऱ्याबाहेर आणखी कोणी बाई उभी आहे. ती आम्हांला फार दिवस दिसलीच नव्हती.

आधी 'ईदगाह'. ही गोष्ट ठाऊक नसलेला उर्दू शाळेतला मुलगा विरळा. हमीद चार-पाच वर्षांचा. बाप हैजाने गेला, आई पिवळी पडत पडत गेली. दादी अमीनाने त्याला सांगितले आहे की अब्बा पैसे कमवायला गेलेत आणि अम्मी अल्लामियाँच्या घरून छान छान वस्तू आणायला गेली आहे. ईदच्या दिवशी त्याच्या खिशात तीन पैसे. महमूद शिपाई घेतो, मोहसिन भिश्ती घेतो, नूरे वकील घेतो. मिठाया खाल्ल्या जातात. हमीद लोखंडाच्या दुकानापुढे थांबतो, सहा पैशांचा चिमटा घासाघीस करून तीन पैशांत घेतो, कारण तव्यावरून रोटी उतरवताना दादीचा हात भाजतो.

मराठी-हिंदी शाळांतून ही गोष्ट 'मुस्लिमांच्या सणाची गोष्ट' म्हणून शिकवली जाते आणि आमच्याकडे 'आपली गोष्ट' म्हणून. दोन्हीकडे नुकसान सारखेच. तिकडच्या मुलाला ईद म्हणजे सेवया, नवे कपडे आणि गळाभेट इतके कळते. आमच्या मुलाला वाटते, हे सगळे तर आपल्याला ठाऊकच आहे, यात वाचायचे काय! मग स्वाध्याय येतो. हमीदने चिमटा का घेतला? दादीला रडू का आले? मुले दोन ओळींत उत्तर लिहितात आणि कथा फडताळात जाते.

पण प्रेमचंद सणाचे वर्णन करायला बसलेले नाहीत. ते हिशोब मांडत आहेत. शिवणकामाचे आठ आणे अमीनाने ईदसाठी जिवापाड जपून ठेवले होते. आदल्या दिवशी गवळण डोक्यावर येऊन बसली, तिचे देणे द्यावे लागले. उरले दोन आणे. त्यातले तीन पैसे हमीदच्या खिशात, पाच तिच्या बटव्यात. आणि त्या पाच पैशांपुढे केवढा खर्च उभा आहे! धोबीण येईल, न्हावीण येईल, मेहतराणी येईल, बांगड्यावाली येईल. सगळ्यांना सेवया हव्यात, आणि थोड्याशाने कोणाचे तोंड गोड होणार नाही. अमीना तोंड कोणाकोणापासून लपवणार? आणि का लपवावे? वर्षाचा सण आहे, ज्याचे त्याचे नशीब त्याच्या बरोबर.

आमच्या मते सारी कथा या ठिकाणी आहे. चिमट्याची गंमत पुढची. सणाच्या दिवशी दारी येणाऱ्यांचा हक्क काय, तो हक्क एका कंगाल म्हातारीवरही कसा चालतो आणि ती तो नाकारत का नाही, हे प्रेमचंदांनी दोन-चार वाक्यांत सांगून टाकले. त्या येणाऱ्या बायकांत मुसलमान किती, हिंदू किती, हे ते सांगत नाहीत. आमच्या मुलांनी यावर वाद घातला. बांगड्यावाली आपल्यातली असणार, गवळण त्यांच्यातली, धोबीण कोणतीही असेल. वादाचा निकाल लागला नाही, लागायची गरजही नव्हती. खेड्यात सणाचे दार असेच असते. आत कोण याचा धर्म ठरलेला, बाहेर कोण याचा नव्हे. आमच्या हाती सुरुवातीला जी संक्षिप्त प्रत आली होती, तीत नेमका हाच भाग गाळलेला होता. मुलांना कंटाळवाणा वाटेल म्हणून गाळला असावा. ज्या चार ओळींत दुसरा माणूस घरी येतो, त्याच ओळी संक्षेप करणाऱ्याला जास्तीच्या वाटल्या!

दुसरी जागा कर्जाची. गावातले बाप सकाळपासून चौधरी कायमअलीच्या घराकडे का धावताहेत, हे पोरांना ठाऊक नाही. चौधरीने आज नजर फिरवली तर सगळ्यांची ईद काळी होईल. हे वाचल्यावर आमच्या वर्गात शांतता पसरली. दर आठवड्याला वसुलीला येणारा फायनान्सवाला, अम्मीच्या गटाचा हप्ता, भिशीचा नंबर, हे शब्द आमच्या मुलांना पाढ्यांआधी येतात. व्याज हराम आहे हे जुम्म्याच्या बयानात ऐकणारी आणि हप्त्याच्या दिवशी घराला बाहेरून कुलूप लावताना पाहणारी ही मुले आहेत. मग आम्ही 'श्यामची आई'तली 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक' ही रात्र काढली. प्रकरणाचे नाव फळ्यावर लिहिताच मागच्या बाकावरून एक आवाज आला, "सर, ये तो हमारेच घर का है." पालगडचे ते ब्राह्मण कुटुंब, त्यांचा देव वेगळा, जेवण वेगळे, भाषा पुस्तकी. पण सावकाराचा माणूस दारी येऊन बसला की घरातल्या बाईची मान कशी खाली जाते, हे समजायला आमच्या मुलांना शब्दार्थ लागले नाहीत.

आता, इथवर आले की शिक्षकाला मोह होतो. 'पाहा मुलांनो, सगळी माणसे सारखीच असतात,' असे म्हणून तास संपवावा. आम्हीही संपवत असू. पण हे अर्धेच खरे आहे आणि मुलांना ते कळते. शेजारच्या मराठी शाळेतली काही मुले एकदा ईदनंतर आमच्याकडे शीरखुर्मा प्यायला आली होती. त्यांतल्या एकाने आमच्या मुलाला विचारले, "तुमच्याकडे रोज बिर्याणी असते का?" आमच्याने उलट विचारले, "तुमच्यात रोज पुरणपोळी असते?" दोघे हसले, कारण दोघांच्याही डब्यात भाकरी होती. गोड प्रसंग आहे, सभेत सांगण्याजोगा. परंतु घरी जाताना दोघांना एकमेकांबद्दल जे माहीत नव्हते ते तसेच राहिले. सारखेपणा सांगणे सोपे, वेगळेपणा समजावणे अवघड. आणि आम्ही अवघड ते टाळले. कसे, ते सांगतो.

'श्यामची आई' उर्दू माध्यमाच्या मुलांपुढे वाचताना पावलोपावली अडखळायला होते. २०२० च्या कायद्याने मराठी सर्वच शाळांत सक्तीची झाली, आमच्या शाळांत ती त्याआधीपासूनच शिकवली जाते. तेव्हा अडचण लिपीची नाही. सोवळे म्हणजे काय? श्राद्ध कशासाठी? मुंजीत मुलाचे केस का काढतात? आम्ही आमच्या परीने सांगत गेलो. सोवळे सांगताना वजूची आठवण दिली आणि लगेच चूक लक्षात आली. वजू करून माणूस दुसऱ्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभा राहतो. सोवळ्यात दुसऱ्याला दूर ठेवावे लागते. पाणी दोन्हीकडे आहे म्हणून अर्थ एक होत नाही. दुसऱ्याची चाल आपल्या चालीत बसवून टाकणे म्हणजे ती समजणे नव्हे. तो एक सोयीचा आळस आहे.

आणि मग 'देवाला सारी प्रिय' ही रात्र आली. एक म्हातारी महार बाई लाकडांची मोळी नेत असते, मोळी खाली पडलेली, ती उचलून तिच्या डोक्यावर द्यायला कोणी तयार नाही. श्याम घरी येऊन सांगतो. आई म्हणते, तू जा, मोळी उचलून दे. आणि घरी आल्यावर आंघोळ कर.

एका मुलाने हात वर केला. "सर, लकडी उठाया तो नहाया कायकू?"

आम्ही उत्तर दिले, लाकडाची धूळ लागली असेल म्हणून.

हे खोटे होते. आम्हांला ठाऊक होते. का बोललो? कारण अस्पृश्यता सांगायची तर ती 'त्यांच्या' धर्माची नालस्ती वाटेल, बाहेर चर्चा होईल, उर्दू शाळेत हे शिकवतात असे कोणी म्हणेल, अशी भीती एका क्षणात मनात येऊन गेली. अल्पसंख्याक शाळेतल्या शिक्षकाला ही भीती नवी नाही. पण भीतीचे एक कारण सांगितले तर दुसरेही सांगायला हवे, आणि ते दुसरे त्याच तासाला बाहेर पडले.

एक मुलगी सहज म्हणाली, "हमारे घर झाडू मारने वाली आती ना, उसका कप अलग है. दादी रखती. वो भी धूल के वास्ते क्या?"

ती मुलगी खोडकर नव्हती. तिने खरोखर विचारले होते. त्या वर्गात एका बाकावर जो मुलगा बसला होता त्याची आई नगरपालिकेच्या सफाईत आहे. तो कलमा पढणारा, जुम्म्याला आमच्याच सफेत उभा राहणारा. तो मान खाली घालून वहीच्या मागच्या पानावर रेघोट्या ओढत होता. आम्ही घड्याळाकडे पाहिले. तास संपायला सात-आठ मिनिटे होती, ती आम्ही शब्दार्थ लिहवून घेण्यात घालवली.

या अंकाच्या वाचकांना बिरादरी म्हणजे काय हे सांगायला नको. मशिदीत एक सफ आणि सोयरिकीला साठ चौकश्या, हे आपण सारे जाणतो. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींच्या चळवळीने हा प्रश्न जाहीर सभांतून मांडला, त्यावर लेख झाले, जातींच्या दाखल्यांसाठी लढे झाले. पण वर्गात? वर्गात आपण मुलांना सांगतो की इस्लाममध्ये जात नाही. हे सांगणे बरोबर आहे. ते सांगून झाल्यावर तो वेगळा कप कोणाचा, याचे उत्तर मात्र कोणी देत नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही 'ईदगाह' पुन्हा काढली. नमाजाचा प्रसंग वाचला. रांगांमागे रांगा, जो मागून येतो तो मागे उभा राहतो, तिथे पैसा आणि हुद्दा पाहिला जात नाही. प्रेमचंद हे सारे मोठ्या कौतुकाने लिहितात. मुले खूश झाली. मग सेवयांच्या त्या ओळी वाचल्या आणि इतकेच विचारले की मेहतराणीला अमीनाने सेवया कुठे बसवून दिल्या असतील? घरात, की दारात? आणि वाटी कोणती?

कथेत याचे उत्तर नाही. मुलांनी आपापल्या घरातून उत्तर आणले. बहुतेकांनी 'दारात' म्हटले. मग आम्ही मागच्या तासाचे आमचे उत्तर खोडले, आंघोळीचे खरे कारण सांगितले, अस्पृश्यता म्हणजे काय ते सांगितले. हेही सांगितले की ज्या माणसाने ही आंघोळ लिहिली, त्यानेच १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. आपल्या आईने घालून दिलेली आंघोळ त्याने पुस्तकातून वगळली नाही. वगळता आली असती. आई जास्त थोर दिसली असती. पण मग मोळी उचलायला सांगणे म्हणजे त्या घरात, त्या काळात केवढे होते, हे आपल्याला कळले नसते. 'ईदगाह'ची ती संक्षिप्त प्रत करणाऱ्याला गुरुजींकडून हे शिकता आले असते.

तो सफाईवाल्या बाईचा मुलगा त्या तासालाही काही बोलला नाही. बोलावे अशी अपेक्षा ठेवणे हाही एक अन्यायच. दुसऱ्याच्या शिक्षणासाठी त्याने आपली जखम उघडी का करावी?

दोन्ही लेखनांवर आक्षेप घ्यायलाही जागा आहे आणि तो आमच्या मुलींनी घेतला. एकीने लिहिले, हमीदने चिमटा आणला, पण रोटी तर दादीच भाजणार. दुसरीला श्यामच्या आईचा राग आला. ती सगळे सोसते, आणि सोसते म्हणूनच सगळे तिला चांगली म्हणतात. समीक्षकांनी हा मुद्दा मोठ्या शब्दांत मांडलेला असेल, पण आठवीतल्या मुलीच्या वहीत तो वाचताना आम्हांस अधिक पटला. त्यागी आई ही दोन्ही संस्कृतींतली समान ठेव आहे असे आपण अभिमानाने म्हणतो. ती ठेव कोणाच्या खात्यातून काढली जाते, हे मुली पाहत असतात. ईदगाहच्या त्या सुंदर रांगांतही एक बाई नाही, हेही एकीच्या लक्षात आले. आम्ही तिला 'शाबास' म्हटले आणि पुढे काय म्हणावे ते सुचले नाही.

उर्दूच्या परंपरेत दुसऱ्याच्या अंगणात जाऊन लिहिणारे थोडे नाहीत. नज़ीर अकबराबादींनी ईदवर लिहिले तसे होळी-दिवाळीवर आणि कन्हैयाच्या बालपणावरही लिहिले. इक्बालांची 'राम' नावाची नज़्म 'बांग-ए-दरा'त आहे. मराठीत श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' आहे. आमची मुले नज़ीरना एका धड्यापुरते ओळखतात, शेख महंमदांना तितकेही नाही. आणि शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलांची गोष्ट निराळी नसावी. स्वतः साने गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर पुस्तक लिहिले आहे, हे आमच्या स्टाफरूममध्ये सांगितले तेव्हा दोघांना ते खरे वाटले नाही. एका भारतीय भाषेने दुसरीला घरी बोलवावे ही 'आंतरभारती'ची कल्पना त्यांनी १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात मांडली होती. आपल्याकडे त्या कल्पनेची शिबिरे झाली, गाणी झाली. उर्दू शाळेच्या कपाटात मराठी गोष्टीचे आणि मराठी शाळेच्या कपाटात उर्दू गोष्टीचे एक-एक पुस्तक असावे, एवढी साधी गोष्ट मात्र अजून व्हायची आहे. लिप्यंतरात का होईना! 'ईदगाह' देवनागरीत आहे म्हणून ती दोन्हीकडे पोचली. बाकीच्यांना लिपीच्या भिंतीवरून कोण उचलून देणार?

यंदा आठवीचा नवा वर्ग आला आहे. क्रम आम्ही बदलला. आधी 'देवाला सारी प्रिय', मागाहून 'ईदगाह', आणि तीही पूर्ण. ज्या मुलीने कपाबद्दल विचारले होते ती आता नववीत आहे. परवा जिन्यात भेटली तेव्हा आम्ही विचारले, दादी कशी आहे? म्हणाली, "अच्छी है सर." मग दोन पायऱ्या उतरून वळली आणि सांगून गेली की तो कप तिने फोडला, पण दादीने दुसरा आणला.